दीड एकर सोयाबीन आणि बाटलीत उरलेले २० मिली: 'पंपाला किती?' या हिशेबाचं एक प्रकरण

परिस्थिती

हिशेबासाठी घेतलेला प्लॉट मराठवाड्यातला आहे. ४५ सेंटिमीटरवर पेरलेलं सोयाबीन, फुलोऱ्याच्या तोंडावर आलेलं. घरात सगळे त्याला 'दीड एकराचा तुकडा' म्हणतात. सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र ०.६४.७० आणि त्यात पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जागा, ०.०४.०० आहे. हिरवी उंटअळी दिसू लागल्यावर कृषी सेवा केंद्रातून क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल १८.५ टक्के एससी (बारीक कण पाण्यात तरंगते ठेवलेलं द्रव औषध) या कीटकनाशकाची ६० मिलीची बाटली आणली गेली. दुकानदाराने सांगितलं, "पंपाला पाच मिली घाला." पाठीवरचा चार्जिंगचा पंप १६ लिटरचा. आठ पंपांत रान आटोपलं. आठवड्याने पाहिलं तर अळ्या तशाच पानं खात होत्या, आणि घरातलं मत ठरलं की औषध बोगस निघालं.

औषध बोगस असू शकतं, नाही असं नाही. पण इथे बाटलीत २० मिली शिल्लक होतं आणि सगळं उत्तर त्या शिल्लकीतच आहे. या कीटकनाशकाची ६० मिलीची बाटली साधारण एका एकराला पुरते. दीड एकर फवारून ती संपायला हवी होती, उलट आणखी ३० मिली कमी पडायला हवं होतं. औषध उरलं याचा अर्थ ते पिकापर्यंत पुरेसं पोचलंच नाही. दुकानदाराने सांगितलेला आकडा खोटा नव्हता, पंप भरणाऱ्यानेही पाच मिलीच घातलं. चूक झाली ती दोघांच्या मधे, एका एककातून दुसऱ्या एककात जाताना.

सातबाऱ्यावरचे ठिपके

सुरुवात क्षेत्रापासून करायची. सातबाऱ्यावर शेतीचं क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन घरांत लिहिलेलं असतं. १ हेक्टर म्हणजे १०० मीटर गुणिले १०० मीटर, म्हणजे १०,००० चौरस मीटर. १ आर म्हणजे १० मीटर गुणिले १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. बाजू दहापट झाली की क्षेत्र शंभरपट होतं, म्हणून हेक्टरमध्ये १०० आर आणि आरमध्ये १०० चौरस मीटर. लांबीच्या सवयीने इथे दहाने गुणणारे किंवा भागणारे पुष्कळ भेटतात.

प्रत्येक घर शंभराचं असल्यामुळे एक सोय आपोआप होते: ०.६४.७० मधला दुसरा ठिपका पुसला की ०.६४७० हेक्टर मिळतात, वेगळं गणित लागत नाही. पण ही सोय प्रत्येक घरात दोन अंक लिहिलेले असतील तरच चालते. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर, खातेफोडीच्या कच्च्या कागदांवर किंवा फोनवर सांगताना '०.६.५' असं लिहिलं-बोललं जातं. ते ६ आर ५ चौरस मीटर, म्हणजे ६०५ चौरस मीटर. दशांश समजून कुणी ०.६५ हेक्टर धरलं, तर ६,५०० चौरस मीटर होतात. दहापटीहून मोठी चूक, तीही एका शून्याच्या आळसापायी. म्हणून उताऱ्यावरून आकडा वहीत उतरवताना ०.०६.०५ असाच उतरवावा. १.०५.०० म्हणजे दीड हेक्टर नव्हे, एक हेक्टर पाच आर, हेही इथेच पक्कं करून घ्यावं. बिनशेतीच्या उताऱ्यावर क्षेत्र आर आणि चौरस मीटर अशा दोनच घरांत येतं. तिथला ६.०५ हा आकडा हेक्टर म्हणून वाचला तर शंभरपटीचा घोळ होतो, त्यामुळे रकान्याच्या डोक्यावरचं एकक आधी वाचायचं.

आपल्या प्लॉटचं लागवडीखालचं क्षेत्र: ०.६४.७० वजा ०.०४.०० = ०.६०.७०. म्हणजे ६०.७ आर, ६,०७० चौरस मीटर, ०.६०७ हेक्टर. घरच्यांचं 'दीड एकर' इथे बरोबर बसतं, कारण १ एकर म्हणजे ४० गुंठे, ४,०४६.८६ चौरस मीटर आणि त्याची दीडपट ६,०७० चौरस मीटर येते. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, आरपेक्षा सव्वा टक्क्याहून थोडा कमीच मोठा. फवारणीच्या हिशेबात गुंठा आणि आर एकच धरले तरी काही बिघडत नाही. जमिनीच्या खरेदीखतात मात्र असं कधीही धरू नये, कारण ६० गुंठे आणि ६० आर यांत ७० चौरस मीटरचा फरक आहे.

कागदावरचं क्षेत्र आणि पेरलेलं क्षेत्र एकच असतं असं नाही. बांध सरकलेले असतात, विहिरीभोवती, झाडाखाली जागा सोडलेली असते. खात्री करायची तर ओळी मोजाव्यात. या प्लॉटवर १४५ ओळी आहेत आणि ओळीची लांबी ९२ मीटर. ४५ सेंटिमीटर म्हणजे ०.४५ मीटर. १४५ × ०.४५ = ६५.२५ मीटर रुंदी, आणि ६५.२५ × ९२ = ६,००३ चौरस मीटर. कागदापेक्षा एक टक्क्याने कमी. इतका फरक सोडून द्यायचा आणि ६०.७ आर हाच आकडा धरायचा. पाच-सात टक्क्यांवर फरक गेला तर मात्र पेरलेलं क्षेत्र धरावं. सेंटिमीटरचं मीटर करताना ०.४५ च्या जागी ४.५ धरलं, तर रुंदी ६५२ मीटर येते. दीड एकराचं रान एवढं रुंद नसतं, आणि चूक पकडायला नजरेचा हा अंदाज पुरतो.

लेबलवरचा आकडा आणि आर

या कीटकनाशकाच्या लेबलवर सोयाबीनसाठी मात्रा हेक्टरी १५० मिली आणि पाणी हेक्टरी ५०० लिटर दिलेलं आहे. लेबल हेक्टरची भाषा बोलतं आणि सातबारा आरची. दोघांमध्ये फक्त शंभराचं अंतर आहे, म्हणून लेबलचा आकडा शंभराने भागला की आरी मात्रा मिळते: १.५ मिली. तिला ६०.७ ने गुणलं की ९१ मिली. एवढंच. त्यासाठी एकरात जाऊन परत यायची गरज नाही, आणि सातबारा हाताशी असणाऱ्या माणसाला याहून सोपा रस्ता दुसरा नाही असं आमचं ठाम मत आहे. पाण्याचंही तसंच: ५०० लिटर हेक्टरी म्हणजे ५ लिटर आरी, म्हणजे चौरस मीटरला ५० मिली.

प्रत्यक्षात गेलं किती? आठ पंप, प्रत्येकी ५ मिली, एकूण ४० मिली. ९१ च्या जागी ४०, म्हणजे शिफारशीच्या ४४ टक्के. हेक्टरच्या भाषेत १५० मिलीऐवजी ६६ मिली.

मग दुकानदाराचे पाच मिली आले कुठून? तेही याच लेबलवरून. १५० मिली ५०० लिटरमध्ये, म्हणजे लिटरला ०.३ मिली. १६ लिटरला ४.८ मिली, बोलताना पाच. हे रूपांतर निर्दोष आहे, पण त्याच्या पोटात एक अट लपलेली आहे: हेक्टरी ५०० लिटर पाणी पडलं पाहिजे. ही अट पूर्ण करायची तर या प्लॉटवर ३०३ लिटर, म्हणजे १९ पंप पाणी जायला हवं होतं. गेले आठ.

औषधाची मात्रा क्षेत्राला बांधलेली असते. 'प्रति लिटर' किंवा 'प्रति पंप' हा त्या मात्रेचा एका ठरावीक पाण्यापुरता पडलेला प्रतिबिंबासारखा आकडा आहे. पाणी बदललं की तोही बदलतो. पंपाला किती, या प्रश्नाला माणूस आणि नोझल मोजल्याशिवाय उत्तर देताच येत नाही.

पंपाचं माप काढणं

मोजायच्या गोष्टी तीन: नोझलमधून मिनिटाला किती पाणी पडतं, माणूस मिनिटाला किती मीटर चालतो, आणि एका फेरीत किती रुंदी भिजते. साहित्यात साधं पाणी, १ लिटरचा मापाचा जार, मोबाइलमधलं घड्याळ आणि टेप एवढं लागतं.

पंपाची बॅटरी पूर्ण चार्ज करून टाकीत पाणी भरावं. नोझल जारमध्ये धरून एक मिनिट पाणी घ्यावं, तीनदा घेऊन सरासरी काढावी. इथे ६४० मिली आलं. मग पाठीवर भरलेला पंप घेऊन, रानातच, नेहमीच्या चालीने २० मीटर अंतर चालायचं. डांबरी रस्त्यावर चालून घेतलेलं माप खोटं येतं, कारण ओल्या काळ्या मातीत आणि गुडघ्याएवढ्या पिकात पाय त्या वेगाने पडत नाहीत. इथे २० मीटरला ३६ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला ३३.३ मीटर. फवारणारा दोन ओळी एकदम घेत होता, म्हणजे रुंदी ०.९ मीटर.

३३.३ × ०.९ = ३० चौरस मीटर मिनिटाला. तेवढ्यावर ६४० मिली पडतं, म्हणजे चौरस मीटरला २१.३ मिली. हेक्टरात १०,००० चौरस मीटर आणि लिटरमध्ये १,००० मिली, म्हणून चौरस मीटरच्या मिलीला दहाने गुणलं की हेक्टरी लिटर मिळतात: २१३ लिटर. लक्षात ठेवण्याजोगी जोडी हीच: चौरस मीटरला १ मिली म्हणजे हेक्टरी १० लिटर. खताच्या हिशेबातही हाच दहा आहे, चौरस मीटरला १ ग्रॅम म्हणजे हेक्टरी १० किलो.

ताळा बसतो का ते पाहू. २१३ लिटर हेक्टरी दराने ०.६०७ हेक्टरला १२९ लिटर, म्हणजे आठ पंपांहून किंचित जास्त. घरच्यांनी आठच सांगितले होते. माप बरोबर आहे.

घड्याळ-टेप नको असेल तर ओळी मोजाव्यात, तेही तितकंच भरवशाचं आहे. एक ओळ ९२ मीटर × ०.४५ मीटर, म्हणजे ४१.४ चौरस मीटर. १६ लिटरच्या पंपात ५०० लिटर हेक्टरी दराने ३२० चौरस मीटर भिजायला हवं, म्हणजे पावणेआठ ओळी. इथे एका पंपात १८ ओळी होत होत्या. नेहमी फवारणाऱ्या माणसाला एक पंप किती ओळींना पुरतो हे तोंडपाठ असतं. ते विचारलं असतं तर दुकानाच्या दारातच मात्रा दुरुस्त झाली असती.

टाकी खरंच १६ लिटरची आहे का, हेही एकदा पाहावं. बाजारात १५, १६, १८, २० लिटरच्या टाक्या सरसकट 'पंप' म्हणून चालतात. वजनकाटा असेल तर रिकामी टाकी आणि खुणेपर्यंत भरलेली टाकी तोलावी. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, फरकाचे किलो तेवढेच लिटर.

दोन मार्ग, आणि एक आडरस्ता

पहिला मार्ग: चाल आणि पद्धत तीच ठेवून औषध पंपात वाढवायचं. १५० मिली भागिले २१३ लिटर, म्हणजे लिटरला ०.७ मिली, १६ लिटरला सव्वाअकरा मिली. दुसरा मार्ग: पाणी वाढवायचं. दोनऐवजी एकच ओळ घेतली की रुंदी ०.४५ मीटर होते आणि त्याच चालीने पाणी दुप्पट, हेक्टरी ४२७ लिटर. मग प्लॉटला २५९ लिटर, सोळा पंपांहून थोडं जास्त, आणि पंपाला ५.६ मिली. लेबलच्या ५०० लिटरच्या हे जवळ जातं. चाल मिनिटाला २८ मीटरपर्यंत उतरवली तर जवळपास ५०० लिटर होतात आणि दुकानदाराचे ४.८ मिली खरे ठरतात.

आम्ही दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहोत. फुलोऱ्यातलं सोयाबीन दाटलेलं असतं, अळी पानांच्या आड खालच्या थरात असते, आणि चौरस मीटरला २१ मिली पाणी वरच्या पानांवरच संपतं. किंमत मोजावी लागते ती वेळेची. मिनिटाला ६४० मिली पाडणारा पंप १६ लिटर रिकामे करायला २५ मिनिटं घेतो. आठ पंपांना तीन तास वीस मिनिटं, सोळांना सहा तास चाळीस मिनिटं, भरण्याचा वेळ वेगळा. उन्हाची आणि वाऱ्याची वेळ टाळायची तर काम दोन सकाळींत विभागावं लागतं किंवा दुसरा पंप लावावा लागतो. लोक दोन ओळी घेतात त्यामागे हा हिशेब आहे, निव्वळ हयगय नव्हे. ज्याला दोनच ओळी घ्यायच्या आहेत त्याने निदान सव्वाअकरा मिली तरी घालावं.

आडरस्ता असा: पहिल्या फवारणीने काम झालं नाही की गावात सल्ला मिळतो, "पॉवर पंपाला तिप्पट लागतं, तिप्पट घाला." या सल्ल्याचं मूळ खरं आहे. इंजिनवर चालणारा पॉवर पंप बारीक थेंब उडवतो आणि हेक्टरी पाणी खूप कमी वापरतो, म्हणून हेक्टरची मात्रा तीच ठेवायला पंपातलं प्रमाण वाढवावं लागतं. ५०० लिटरचं काम तिसरा हिस्सा पाण्यात होत असेल तरच तिप्पट हा आकडा बरोबर. आपल्या प्लॉटवर दोन ओळी घेत १५ मिली घातलं, तर आठ पंपांत १२० मिली जातं, हेक्टरी १९८ मिली, म्हणजे ३२ टक्के जास्त. एक ओळ घेत सोळा पंपांना तेच घातलं, तर २४० मिली, हेक्टरी ३९५ मिली, लेबलच्या अडीचपटीहून अधिक. गुणाकार पंपाच्या नावावरून करायचा नसतो, पाण्याच्या मापावरून करायचा असतो.

जास्त मात्रेचा त्रास पिकाआधी पंप पाठीवर घेणाऱ्याला होतो, कारण टाकीतलं पाणी जितकं तीव्र, तितकं अंगावर उडणारं तुषारही तीव्र. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणं होती. पण पंपातलं प्रमाण अंदाजाने वाढवणं ही त्यातली सहज टाळता येणारी गोष्ट आहे. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि वाऱ्याकडे पाठ, हे मात्रा बरोबर असतानाही सुटत नाही.

टक्क्यांचा खुलासा

काही सल्ल्यांत मात्रा बाटलीतल्या मिलीत नसते, क्रियाशील घटकाच्या, म्हणजे प्रत्यक्ष कीड मारणाऱ्या रसायनाच्या, ग्रॅममध्ये असते. या कीटकनाशकाची ती मात्रा हेक्टरी ३० ग्रॅम आहे. कुणी सरळ ३० ला ०.१८५ ने भागतो, १६२ येतात, आणि १६२ मिली घेतो. पण १८.५ टक्के हे वजनावरचं प्रमाण आहे: १०० ग्रॅम द्रवात १८.५ ग्रॅम घटक. म्हणून आलेले १६२ हे ग्रॅम आहेत, मिली नव्हेत. हा द्रव पाण्यापेक्षा जड आहे, मिलीला साधारण १.०८ ग्रॅम. १६२ भागिले १.०८ केलं की १५० मिली येतात आणि लेबलशी जुळतात. आकारमानावर बोलायचं तर याच द्रवाच्या १ लिटरमध्ये २०० ग्रॅम घटक असतो, म्हणूनच तो कुठे '२० एससी' म्हणूनही ओळखला जातो. आपल्या प्लॉटवर ४० मिलीतून ८ ग्रॅम घटक गेला, हेक्टरी १३ ग्रॅम.

पाण्याला ग्रॅम आणि मिली एकच, ही सवय पाण्यापुरतीच ठेवावी. दाणेदार किंवा पावडरच्या औषधात तर ती फारच फसवते. १० मिलीच्या झाकणात मावलेली पावडर १० ग्रॅम नसते. पावडर किती फुगीर आहे यावर तिचं वजन ठरतं. पावडर नेहमी काट्यावर मोजावी. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा फवारणीच्या सामानात असायलाच हवा.

दुसरी फवारणी

उरलेले २० मिली पुन्हा मारावेत का? नाही. अपुऱ्या मात्रेतून वाचलेल्या अळ्यांवर तेच औषध लगेच मारलं, तर त्याला न जुमानणाऱ्या अळ्याच मागे राहतात. दुसऱ्या गटाचं, म्हणजे अळीवर वेगळ्या पद्धतीने काम करणारं औषध घ्यावं. सोयाबीनच्या पानं खाणाऱ्या अळ्यांसाठी इंडोक्साकार्ब १५.८ टक्के ईसी (द्रावकात विरघळवलेलं, पाण्यात दुधाळ होणारं औषध) हेक्टरी ३३३ मिली अशी शिफारस आहे. मराठी सल्ल्यात हीच १० लिटरला ६.७ मिली अशी येते, आणि आता तिच्यामागचे ५०० लिटर लगेच दिसतात.

आरी मात्रा ३.३३ मिली. ६०.७ आरला २०२ मिली. एक ओळ घेऊन हेक्टरी ४२७ लिटर पाण्यात लिटरला ०.७८ मिली, पंपाला साडेबारा मिली. सोळा पंपांत २०० मिली जातं आणि उरलेलं थोडं शेवटच्या अर्धवट पंपात.

मोजायला सुई काढलेली १० मिलीची सिरिंज उत्तम. तिच्यावर ०.२ मिलीच्या रेघा असतात; दुकानात 'सीसी' म्हणतात तेही मिलीच. ही सिरिंज त्यानंतर दुसऱ्या कशालाच वापरायची नाही, तिला लाल रंगाची पट्टी गुंडाळून औषधाच्या पेटीतच ठेवायची. बाटलीच्या झाकणाने मोजायचं असेल, तर आधी झाकणात नेमकं किती मावतं ते सिरिंजने पाणी घालून पाहावं. दोन कंपन्यांची झाकणं सारखी नसतात.

सोळा वेळा साडेबारा मिली मोजताना हात चुकतो, औषध सांडतं, बाटली पुन्हा पुन्हा उघडावी लागते. त्यापेक्षा सगळं औषध एकदाच बादलीत मोजून घ्यावं. २०२ मिली औषधात पाणी घालून एकूण १,६२० मिली द्रावण करावं आणि प्रत्येक पंपाला त्यातलं १०० मिली घालावं. शंभर मिलीत साडेबारा मिली औषध येतं, आणि २५९ लिटर म्हणजे १६.२ पंप असल्याने शेवटच्या सव्वातीन लिटरसाठी २० मिली द्रावण उरतं. प्रत्येक वेळी काढण्याआधी काठीने ढवळावं. एससी प्रकारात हे जास्त जपावं लागतं, कारण त्यातले कण तळाला बसतात. न ढवळता काढलं तर पहिले पंप पातळ आणि शेवटचे घट्ट जातात. टाकीत आधी अर्धं पाणी, मग द्रावण, मग उरलेलं पाणी. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही. काम दोन सकाळींत होणार असेल तर द्रावणही दोनदा, निम्मं निम्मं करावं.

खताला हा नियम लागत नाही

पावसाचा खंड पडला की याच प्लॉटवर १३:००:४५ (१३ टक्के नत्र, ४५ टक्के पालाश) हे विद्राव्य खत एक टक्क्याने फवारायला सांगतात. एक टक्का म्हणजे १०० लिटरला १ किलो, लिटरला १० ग्रॅम, १६ लिटरला १६० ग्रॅम. पंप दोन ओळींवर चालवा की एका ओळीवर, १६० ग्रॅमच. कारण इथे मर्यादा क्षेत्राची नाही, पानाची आहे: द्रावण तीव्र झालं की पानाच्या कडा करपतात. दोन ओळी घेतल्या तर आठ पंपांत १.२८ किलो खत जाईल, एक ओळ घेतली तर सोळांहून थोड्या जास्त पंपांत २.६ किलो, पिकाला कमी-जास्त मिळेल, पण पान सुरक्षित राहील. कीटकनाशकाच्या सवयीने 'पाणी कमी आहे, खत तिप्पट घाला' केलं, तर पंपात ४८० ग्रॅम, तीन टक्के द्रावण होतं आणि रान करपतं.

पीपीएममध्ये सांगितलेल्या मात्रांचंही असंच. १ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम, आणि एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. द्राक्षबागेत वाढीचं संजीवक जिबरेलिक अ‍ॅसिड १० पीपीएम सांगितलं तर १०० लिटरला १ ग्रॅम शुद्ध घटक. इथे ग्रॅम आणि मिलिग्रॅममध्ये घसरलं की चूक थेट हजारपटीची होते, म्हणून अशा मात्रेत एकक तोडून न लिहिता 'मिलिग्रॅम' असं पूर्ण लिहावं. 'मि.' एवढंच लिहिलेलं मिली, मिमी, मिनिट यांपैकी काहीही असू शकतं.

वहीत काय टिपायचं

या प्लॉटपुरते पाच आकडे लिहून ठेवले की हंगामभर पुरतात: ६०.७ आर, मिनिटाला ६४० मिली, एका पंपात नऊ ओळी (एक ओळ घेताना), सगळ्या प्लॉटला १६.२ पंप, हेक्टरी ४२७ लिटर. नवं औषध आलं की लेबलची हेक्टरी मात्रा शंभराने भागून ६०.७ ने गुणायची आणि १६.२ ने भागायची. पुढच्या वेळी पहिलंच औषध घ्यायचं झालं, तर ६० मिलीची एक आणि ३० मिलीची एक बाटली आणावी. ९० मिली होतं, ९१ पेक्षा एक टक्का कमी, ते चालतं.

पेरणीचं अंतर बदललं किंवा रुंद सरी वरंब्यावर पेरलं, तर फेरीची रुंदी बदलते आणि शेवटचे तीन आकडे नव्याने काढावे लागतात. फवारणारा माणूस बदलला तरी चाल बदलते. नोझलचं छिद्र वापराने मोठं होत जातं, म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला एक मिनिटाचं पाणी पुन्हा मोजावं. ६४० च्या जागी ७०४ मिलीच्या वर, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त येऊ लागलं, की नोझल बदलावं आणि नव्या नोझलचं माप घेऊन वहीतले आकडे खोडून पुन्हा लिहावेत.